नऊ नंबरचा फोटो

मालदीवच्या बेटावर उतरलो तेव्हा बोट लागून उलट्या झाल्या होत्या. भूतानमध्ये पहिल्याच सरावाला दहा मिनिटांत दम संपला होता. मंगोलियात विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा नाकातले केस गोठले होते. पण कुठेही उतरताना परत फिरावंसं वाटलं नव्हतं. तसं वाटलं ते गेल्या मार्चमध्ये, वाशीमच्या स्टेशनवर.

मी कोल्हापूरचा, पेठेतला. आमच्याकडे पोरगं उभं राहायला लागलं की त्याच्या पायाशी आधी फुटबॉल सोडतात आणि मग नाव ठेवायचं बघतात. मी स्ट्रायकर. मोठा नाही. एका हंगामाचा करार, हंगाम संपला की एजंटच्या फोनची वाट, फोन आला की नवा देश, नवं जेवण आणि नव्या भाषेतल्या शिव्या. अकरा वर्षं हेच केलं. त्यातली शेवटची दोन उलानबातरमध्ये, आणि तिथे माझ्या खोलीत नितीन होता.

नितीन वाशीम जिल्ह्यातल्या रिठदचा. तोही माझ्यासारखाच, मिळेल त्या देशात खेळणारा. दोघंही एकाच क्लबात आणि दोघंही स्ट्रायकर, म्हणजे एका ताटावर दोन जेवणारे. नऊ नंबर माझा, एकोणीस त्याचा. तरी आमचं भांडण कधी झालं नाही, कारण खोलीत भाकरी तो करायचा. आईनं पाठवलेलं ज्वारीचं पीठ संपत आलं की त्याचं तोंड उतरायचं. "भाऊ, भाकर थापनं म्हंजे बॉल थांबवन्यासारखं हाय," तो मला शिकवायचा. "हात कडक ठेवला का फाटलीच."

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, एका सराव सामन्यात, नितीन मैदानावर पडला आणि उठला नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांनी पेटी नागपूरला गेली. मी बरोबर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सामना होता, हे कारण मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर तीनदा रिठदला फोन लावला आणि तिन्ही वेळा पलीकडून कुणी उचलायच्या आत बंद केला. यंदा त्याच्या दुसऱ्या स्मृतिदिनाआधी ठरवलं, जायचं. त्या सकाळची एक गोष्ट त्याच्या आईवडिलांना ठाऊक नव्हती आणि ती फक्त मलाच ठाऊक होती. ती रिठदमध्ये सांगायची होती, म्हणून इथेही ती रिठदला पोचल्यावरच सांगतो.

पहिला दिवस : रिसोड

सरळ त्यांच्या दारात जाऊन उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून आधी रिसोडला मुक्काम करायचं ठरवलं. वाशीमहून एसटी धरली. हरभरा निघून गेलेला, काळी रानं उघडी पडलेली, मध्येच एखाद्या तुकड्यात पिकलेला गहू आणि बांधावर पळस पेटलेला. आमच्याकडे मार्चमध्ये उसाची हिरवी भिंत रस्त्याला चिकटून असते, नजर पुढे जात नाही. इथे नजर जाते ती जातच राहते, आणि अडायला काही नसलं की माणसाला उगाच वाटतं, लांबून आपल्याकडे कुणीतरी बघत असावं.

बघत होत्या त्या शेजारच्या सीटवरच्या आजी. मांडीवर पिशवी, नाकात फुली. गाडी सुटल्यापासून त्यांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नव्हतं.

"कोन्या गावचे, बाबू?"

"कोल्हापूर."

"नाई," त्या म्हणाल्या. चूक सुधारावी तसं, अगदी शांतपणे.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी दोन बोटं माझ्या मनगटावर टेकवली, वैद्य नाडी बघतो तशी, आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "गरम हाय." मग पिशवी उचलून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि रिसोड येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

म्हातारपण, म्हणून मी सोडून दिलं. स्टँडजवळ पोहे खाल्ले. वऱ्हाडात पोह्यांवर तर्री ओततात. आमच्या मिसळीच्या कटाला सवयीचा माणूस मी, पण ही तर्री वेगळी, आधी गोडीनं बोलते आणि मग मागून कान पिळते. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मान वर केली, तर चहावाला केटली धरून माझ्याकडे बघत होता. खालचा ग्लास भरून वाहत होता. चहा टेबलावरून त्याच्या पायावर पडत होता, तरी त्याला पत्ता नव्हता.

"तुमी रिठदचे का?" त्यानं विचारलं.

"नाही. रिठदला जायचंय मात्र."

त्यानं केटली खाली ठेवली. "जा," म्हणाला. "घरचे वाट पाह्यत असतीन."

कुठल्या घरचे, हे विचारायच्या आत तो मागच्या बाजूला निघून गेला आणि परत आलाच नाही. पैसे टेबलावर ठेवून मी उठलो.

लॉजवरच्या कारकुनानं आधार कार्ड मागितलं. ते हातात घेऊन तो कार्डाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. लॉजवाले बघतातच, पण हा वाचत नव्हता, ताडून पाहत होता.

"फोटो तुमचाच हाय," तो शेवटी म्हणाला. "नाव मातर दुसरं हाय."

"दुसरं म्हणजे? माझंच नाव आहे ते. रणजित."

"हो का," म्हणत त्यानं वहीत नोंद केली. किल्ली हातात न देता टेबलावर सरकवली. मी जिना चढायला लागलो तेव्हा मागून हळू आवाजात विचारलं, "भाऊ, राग नका मानू. तुमाले जुळा भाऊ होता का?"

'होता का' या शब्दांनी मला जिन्यातच धरलं. खोलीत गेल्यावर आरशासमोर उभा राहिलो. नेहमीचंच तोंड. डाव्या भुवईवर मालदीवमधली खूण, समोरचा अर्धा तुटलेला दात. परक्या देशांत माणसं माझ्याकडे टक लावून बघतात, याची मला सवय आहे. पण ती अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघतात. इथे सगळे मला ओळखत होते आणि मी कुणालाच ओळखत नव्हतो.

दुसरा दिवस : हळद

सकाळी रिठदकडे जाणाऱ्या जीपच्या थांब्याकडे चालत निघालो. वाटेत एका मोकळ्या जागेत हळद वाळत घातली होती. उकडलेल्या हळदीचा वास मला नवीन. ओल्या मातीचा, औषधाचा आणि लग्नघराचा असा एकत्र. पाचसहा बाया खराट्यानं हळद ओढून ढीग लावत होत्या. मी बघत उभा राहिलो.

एका बाईनं खराटा ओढला आणि हळदीखालून एक डोळा निघाला.

खाली ताडपत्री म्हणून जुना फ्लेक्स अंथरलेला होता. त्यात विशेष काही नाही, आपल्याकडे वाढदिवसाचे फ्लेक्स गोठ्यावर जातात आणि निवडणुकीचे कणगीवर. बाईनं पुन्हा खराटा ओढला. दुसरा डोळा निघाला. मग भुवई, भुवईवरची खूण. मग हसणारं तोंड आणि त्यात अर्धा तुटलेला दात. सगळं हळदीनं पिवळंजर्द. मी माझ्याच तोंडाकडे बघत होतो, आणि ते तोंड नवरदेवासारखं पिवळं होऊन जमिनीवरून माझ्याकडे बघून हसत होतं.

शेवटच्या फटकाऱ्याबरोबर अक्षरं उघडी पडली. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली मोठ्या अक्षरांत 'नितीन'.

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. बाईनं वर पाहिलं, खाली फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा वर. खराटा तिच्या हातातून गळून पडला.

"ओ माय!"

सगळ्या उठून उभ्या राहिल्या. एकीनं पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले. तिचं बघून बाकीच्यांनीही जोडले. सकाळचं ऊन, रस्त्यावर रहदारी, आणि सहा बाया माझ्यासमोर हात जोडून उभ्या. 

"मी तो नाही," मी म्हणालो.

त्यांतली एक धीट होती. तिनं फ्लेक्सकडे बोट केलं. "मंग हे कोन हाय?"

"तो मीच."

"आन् तुमी?"

"मीच."

तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही पटलं नव्हतं.

थोडं पुढे जाऊन एका ओट्यावर बसलो तेव्हा डोकं चालायला लागलं. नितीन गेला त्या दिवशी तो नऊ नंबरची, म्हणजे माझी जर्सी घालून खेळत होता. क्लबच्या माणसानं बातमी टाकताना नाव बरोबर लिहिलं, पण फोटो नंबरावरून काढला. करार केला त्या दिवशी काढलेला माझा फोटो. संध्याकाळपर्यंत चूक दुरुस्त झाली होती. कोल्हापुरात माझ्या बायकोनं तो फोटो पाहिला होता आणि माझा आवाज ऐकेपर्यंत ती फोन घट्ट धरून जमिनीवर बसून होती. आमच्यापुरतं ते तिथेच मिटलं होतं. पण त्या अर्ध्या दिवसात इथे वाशीम जिल्ह्यात कुणीतरी तो फोटो उतरवून घेतला होता, आणि गेली दोन वर्षं या मुलखात मी मेलेला होतो.

जीपमध्ये ड्रायव्हरनं मला मागे बसवलं. निघताना आरशात पाहिलं, मग हात वर करून आरसा छताकडे फिरवला. रिठद येईपर्यंत तो तसाच होता.

रिठद

फाट्यावर उतरलो. जीप निघून गेली आणि मागून श्वास ऐकू आला.

लांब, ओला, आत ओढलेला श्वास. मग सोडलेला. मी वळून पाहिलं. दोन लोखंडी पाइपांमध्ये ताणलेला एक मोठा फ्लेक्स उभा होता. दोन उन्हाळे खाऊन रंग उडालेला. कपाळ पांढरं पडलेलं, डोळ्यांच्या जागी राखाडी सावल्या, पण दात शाबूत. वाऱ्यानं फाटू नये म्हणून अशा फ्लेक्सला अर्ध्या चंद्रासारख्या चिरा देतात, तशा गालांवर, गळ्यावर दिलेल्या होत्या. वारा आला की चिरा उघडायच्या, गाल फुगायचे आणि तो आवाज यायचा. मी समोर उभा होतो आणि माझं तोंड माझ्यापेक्षा शांतपणे श्वास घेत होतं.

गावात विचारायची गरज पडली नाही. मी येताना दिसलो की माणसं बोलायची थांबत आणि आपोआप एका दिशेला बघत. मी त्या दिशेला चालत गेलो.

निळ्या रंगाचं घर. ओट्यावर साठीच्या एक बाई सुपात हरभरा निवडत बसल्या होत्या. नितीनच्या आई, शांताबाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ना ओरडल्या, ना दचकल्या. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आले?" त्या म्हणाल्या. "दोन वर्सं लागले तुमाले."

"आई, मी..."

"नऊ नंबर ना? रनजितभाऊ. तुमच्या बायकोले लसूण चालत नाई आन् तुमी झोपीत बडबडता. सारं सांगे थो." त्यांनी आत हाक मारली, "अहो! फाट्यावरचा आला."

फाट्यावरचा. माझं तिथलं नाव ते होतं.

नितीनचे वडील बाबाराव बाहेर आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, उंच, नितीनसारखेच खांदे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. नितीनचा फोटो कुठेच नव्हता.

मी म्हणालो, "आई, मला आधी काही सांगायचंय."

"आदी जेवा. उपाशी मानसाचं खरं बी खोटं वाटते."

ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. उलानबातरच्या खोलीत नितीन जी भाकर करायचा, ती हिची नक्कल होती हे पहिल्या घासाला कळलं. तिथे आम्ही उकडलेलं मांस खाऊन कंटाळलो की त्या भाकरीच्या वासानं खिडकीबाहेरचा बर्फसुद्धा परका वाटायचा नाही. शांताबाई समोर बसून माझं तोंड बघत होत्या. चाललेला जबडा, घशातली हालचाल, सगळं. नजर हटवत नव्हत्या.

हात धुतले आणि सांगितलं.

उलानबातरमध्ये हिवाळाभर घरोघरी कोळसा जळतो. शहरावर धुराचं झाकण बसतं. सगळ्यांच्याच छात्या जड असतात. त्या सकाळी नितीन बूट बांधता बांधता म्हणाला होता, "भाऊ, छाती भरून आल्यावानी वाटून राह्यली." मी म्हणालो, धुरानं असेल. डॉक्टरला सांगू नकोस. हंगामाच्या तोंडावर छातीचं नाव काढलंस तर उद्याच्या विमानात बसवतील. तो गप्प बसला. फिरत्या खेळाडूचं सगळं पोट दोन पायांवर आणि तोंड बंद ठेवण्यावर असतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"आणि तो सामना माझा होता," मी म्हणालो. "उतरणार मी होतो. बाहेर मरणाची थंडी, मैदान प्लास्टिकच्या गवताचं, बर्फ खरवडून काढलेलं. नुसता सराव सामना. मी कोचला सांगितलं, मांडी धरलीय. मांडी धरली नव्हती. मला कंटाळा आला होता. नितीनची जर्सी धुवायला गेली होती, म्हणून मी माझी काढून दिली. माझ्या अंगाची ऊब होती तिला. घालताना तो म्हणाला, 'वा भाऊ, गरम गरम.' अर्ध्या तासाच्या आत तो पडला."

बाहेर कोंबडी ओट्यावर चढली, उतरली.

बाबारावांनी एकच विचारलं. "पडला तवा बॉल कुठी होता?"

"त्याच्या पायात. गोलकडे तोंड होतं."

"गोल झाला का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. शांताबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आता माहं ऐका," त्या म्हणाल्या. "फोन आला का नितीन गेला. मंग मास्तरनं मोबाइलात फोटो दाखवला. फोटोत तुमी. मी म्हनलं, मेला थो हा हाय. माहा नोव्हे. नाव चुकलं असन. संध्याकाळी कंपनीवाले म्हनत, फोटो चुकला, नाव खरं. मी मानलंच नाई. बुद्धासमोर मेनबत्ती लावली आन् म्हनलं, हाच मेला असू दे. तुमच्या माईचं काय होईन, तुमच्या बायकोचं काय होईन, मनात बी नाई आलं. पेटी येईपर्यंत आठ दिवस, उठता बसता, मी तुमाले मारून राह्यली होती." सूप खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुमी एक सकाळ खोटं बोलले, भाऊ. मी आठ दिवस तुमचं मरन मांगतलं."

क्लबला त्या कंपनी म्हणत होत्या. तेवढ्या एका शब्दावर मी लक्ष धरून बसलो. माफी मागायला आलो होतो, आणि समोरच्या बाईच्या नजरेत माफी मागणं होतं. दोघांनाही एकमेकांना काय द्यावं हे कळत नव्हतं.

"फ्लेक्स गावातल्या मंडळानं लावले," बाबाराव म्हणाले. "चार. एक रिसोडले, एक केनवडले हिच्या माहेरी, एक गावात, एक फाट्यावर. नितीन नऊ वर्सं बाहेर. पोट्ट्यांले त्याचं तोंड बी धड आठवे ना, त्याहीनं मोबाइलातला फोटो देल्ला. पेटी आल्यावर मंडळवाले आले, म्हने, काका, चुकलं, बदलून टाकतो. म्याच म्हनलं, राहू द्या."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारून गेलो.

"जोपर्यंत तठी तुमचं तोंड हाय, तोपर्यंत वाटे, हे सारं चुकीचं हाय. माहा पोरगा अजून फोटोत आलाच नाई." ते भिंतीकडे बघत होते. "पेटी म्या सोता उघडून पाह्यली. तरी वाटे."

त्या रात्री मला तिथेच ठेवून घेतलं. नितीनच्या चादरीवर मी मेल्यासारखा झोपलो. हा शब्द सकाळी सहज तोंडातून गेला, आणि शांताबाई चक्क हसल्या.

तिसरा दिवस : केनवड, आणि पुन्हा फाटा

सकाळी बाबारावांनी मोटरसायकल काढली. "चला. आता तुमी आलेच हा तर सोताच्या हातानं काढा. माह्याच्यानं होत नाई."

गावातला फ्लेक्स मागच्या वादळात उडून गेला होता. उरले तीन. बाबारावांनी निरोप धाडला होता, त्यामुळे आधी रिसोडला गेलो तेव्हा हळदीवाल्या बायांनी त्यांचा धुऊन, गुंडाळून तयार ठेवला होता. धुतला तरी पिवळाच. बाबारावांनी गाडी न थांबवताच सुरुवात केली, "हा थो नोव्हे. हा जित्ता हाय." ते वाक्य त्या दिवशी त्यांनी किती वेळा म्हटलं याची गणती नाही. चहावाल्याला, पंपावर, रस्त्यात थांबून बघणाऱ्या प्रत्येकाला. आधी मला ते ऐकून बरं वाटलं. मग एकेका वेळेला आवाज बसत गेला, आणि मला कळलं की वाक्याचा पहिला भाग ते माझ्यासाठी म्हणत नव्हते.

केनवडला बाजारात गर्दी होती. आम्ही शिरलो तशी ती आमच्यापुढे फाकत गेली. मेलेल्याचा बाप पुढे आणि मेलेल्याचं तोंड मागे, अशी आमची वरात. मिरच्यांच्या एका दुकानावर मी छत होऊन ताणलेला होतो. ऊन माझ्या चेहऱ्यातून गाळून लाल मिरच्यांवर पडलं होतं. खाली बसलेली बाई जाडजूड, पन्नाशीची. तिनं मला पाहिलं, वर पाहिलं.

"बाप्पा!" ती म्हणाली, पण जागची हलली नाही. बाबारावांनी त्यांचं वाक्य म्हटलं आणि फ्लेक्स मागितला.

"दोन वर्सं याच्या सावलीत बसली मी," ती म्हणाली. "दुकान लावताना रोज हात जोडो. पोरगं परदेशात खेळता खेळता गेलं म्हने, कोनाचं का असेना. मंग म्या रोज हात कोनाले जोडले?"

"माह्या पोराले," बाबाराव म्हणाले.

"आन् ह्याले?"

बाईनं मला जवळ बोलावलं, खाली वाकायला लावलं आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. तिखटाचे हात. दिवसभर गाल जळत होते. मग तिनं स्वतःच दोऱ्या सोडल्या. फ्लेक्स खाली येताच सगळ्या दुकानावर एकदम ऊन पडलं आणि ती डोळे मिटून बसली.

फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. शांताबाई गावातून चालत येऊन तिथे उभ्या होत्या. वारा होता. फ्लेक्स श्वास घेत होता.

मी पाइपावर चढलो. वरची दोरी कापली तसा तो पुढे झुकला आणि माझ्या अंगावर आला; क्षणभर माझं तोंड त्याच्या तोंडाला चिकटलं, धूळ आणि उन्हाचा वास आला. खालच्या दोऱ्या कापल्या. तो जमिनीवर पडला, एकदा फुगला आणि सपाट झाला. मग आवाज नव्हता. दोन दिवसांत पहिल्यांदा मला त्या माळावरची शांतता ऐकू आली.

बाबारावांनी तिन्ही फ्लेक्स एकावर एक पसरले. डिकीतून विळा काढला. गळ्याखाली, जिथे फोटो संपतो आणि नाव सुरू होतं, तिथे त्यांनी टोक लावलं आणि आडवं ओढत नेलं. तिन्ही एकदम कापले गेले. वर्कशॉपचा हात, रेघ सरळ आली. वरचा भाग गुंडाळून त्यांनी माझ्याकडे दिला.

"हे तुमचं. घेऊन जा."

खालच्या पट्ट्या त्यांनी आपल्याकडे ओढल्या. तीनदा लिहिलेलं एकच नाव. ते वाचत असावेत असं वाटलं. मग ते मातीत मांडी घालून बसले, पट्ट्या मांडीवर घेतल्या आणि त्यांच्या घशातून आधी नुसती हवा आली, मग हाक. "नितीन रे! नितीन! ए नितीन!"

मी पुढे झालो. शांताबाईंनी माझ्या छातीवर तळवा ठेवून मला थांबवलं. वाशीमची एसटी वळणावर दिसत होती.

"तुमी बसा गाडीत," त्या म्हणाल्या. "रडू द्या त्याहीले. दोन वर्सांत एकदा बी रडले नाई."

मी चढलो. मागच्या काचेतून पाहिलं. त्या त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि बाबाराव रस्त्याकडे न बघता, मांडीवरच्या नावाकडे बघत, मुलाला हाका मारत होते.